तुळशीचं लग्न, शाहरुखची साठी आणि मध्यरात्रीची मॅच

शनिवार-रविवारच्या बातम्या घरातल्या पुरुषमंडळींना अख्ख्या मिळतात आणि आपल्याला तुकड्यातुकड्यांनी. तुमच्याकडेही असंच ना? बाहेरच्या खोलीत "गेला! गेला!" असा गलका होतो. आपण मिक्सर बंद करून विचारतो, "कोण गेलं?" उत्तर येत नाही. मग कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतर कळतं, की गेला तो चेंडू, सीमेपलीकडे. तरीसुद्धा सोमवारी सकाळी भाजीवाल्यापासून शाळेच्या टीचर्स रूमपर्यंत कुठलाही विषय निघो, आपल्याला सगळं ठाऊक असतं. कसं, ते या पुरुषांना अजून उमगलेलं नाही, आणि आपणही सांगायच्या भानगडीत पडू नये.

२०२५ सालच्या नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार, तारीख १ आणि २. या दोन दिवसांत बातम्यांची अशी काही झुंबड उडाली, की घरातल्या एका टीव्हीला आणि माझ्या दोन कानांना त्या पुरेनात. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झालेले. डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा आणि कुणीच हात न लावलेल्या सहा चकल्या. (चुऱ्यावर कांदा, टोमॅटो, थोडं गोड दही आणि वरून त्याच चकल्या मोडून घातल्या, की मुलं "आई, आज नवीन काय केलंस?" असं विचारतात. हे आपलं जाता जाता.)

शनिवारी पहिली बातमी आली ती रोहन बोपण्णाच्या निवृत्तीची. टेनिसमधला हा आपला गडी ४५ वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिला. २०२४ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. आमचे हे एक्केचाळीसचे. बातमी वाचून एक सुस्कारा टाकून म्हणाले, "शेवटी शरीर ऐकत नाही बघ."

मी म्हटलं, "त्याचं शरीर वीस-बावीस वर्षं जगभर खेळून मग ऐकेनासं झालं. तुमचं गॅसचं सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत आणतानाच ऐकेनासं होतं."

सिलिंडरचा विषय मी उगीच काढला नाही. त्याच दोन दिवसांत बाहुबलीही दोन-दोन होते. एक सिनेमातला. २०१५ आणि २०१७ साली आलेले त्याचे दोन भाग एकत्र जोडून, काटछाट करून, एकच लांबलचक सिनेमा ३१ ऑक्टोबरला पुन्हा थिएटरात लागला. जवळजवळ पावणेचार तासांचा! सासूबाईंनी विचारलं, "कटप्पाने त्याला का मारलं, ते तेव्हाच कळलं होतं ना? मग आता पुन्हा कशाला जायचं?" बिनतोड प्रश्न. पण समोरच्या वहिनी सहकुटुंब जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "पावणेचार तास कुणी चहा मागत नाही हो. पैसे वसूल."

दुसरा बाहुबली श्रीहरिकोट्याचा. इस्रोच्या त्या सर्वांत दणकट रॉकेटला लाडाने बाहुबलीच म्हणतात. रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत त्याने सुमारे ४,४०० किलोचा दळणवळणाचा उपग्रह उचलला आणि वर नेऊन सोडला. भरलेलं सिलिंडर तीस किलोचं धरलं, तर जवळजवळ दीडशे सिलिंडरं झाली. हा हिशेब मी यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नणंदेचा टोरांटोहून फोन आला. तिच्याकडे मध्यरात्र उलटलेली. आवाज इतका पडलेला, की सासूबाईंनी "काय झालं, बरी आहेस ना?" म्हणून फोन स्वतःकडे ओढून घेतला. झालं होतं एवढंच, की बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात तिच्या गावचा ब्ल्यू जेज संघ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ५-४ असा हरला होता. नऊ डावांत बरोबरी, मग जादा डाव, आणि अकराव्या डावात विल स्मिथ नावाच्या गृहस्थांनी चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. सिनेमातला विल स्मिथ नव्हे, हा वेगळा. १९९३ नंतर टोरांटोला हा करंडक मिळालेला नाही. अमेरिकेतले संघ आणि कॅनडातला एक, एवढेच मिळून जी खेळतात तिला "वर्ल्ड" सिरीज म्हणतात, हेही सासूबाईंना त्याच फोनवर कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पेठेतल्या गणपतीने स्वतःला विश्वविनायक म्हणवून घेण्यातलाच प्रकार." नणंद पलीकडे हसली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता मोठी बातमी. निदान दुपारपर्यंत तरी तीच मोठी होती. शाहरुख खान साठ वर्षांचा झाला! मैत्रिणींनो, हे वाक्य लिहिताना माझा हात जरा थबकलाच. आपण शाळेच्या गॅदरिंगला ज्याच्यासारखे दोन्ही हात पसरून उभ्या राहायचो, तो साठीचा? "किंग" या त्याच्या पुढच्या सिनेमाची झलक त्याच दिवशी आली. त्यात मारामारी, रक्त, पिकलेले केस, सगळं आहे. वांद्र्याला त्याच्या बंगल्यासमोर लोक नेहमीप्रमाणे जमले. पण गर्दी आटोक्यात राहायची नाही, या कारणाने या खेपेला त्याला बाहेर येऊन हात हलवता आला नाही. समोरच्या वहिनी दुपारभर हळहळल्या. सासूबाईंनी मात्र हिशेबी प्रश्न काढला, "साठ झाली म्हणजे एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं का त्याला?" नाही झालं. त्यासाठी पासष्ट लागतात. आपल्याला मात्र २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट. तेवढ्यापुरत्या आपण किंगच्या पुढे आहोत म्हणायला हरकत नाही.

आणि मग आला टीव्हीचा प्रश्न. पावणेदोनला होबार्टला पुरुषांची ऑस्ट्रेलियाविरुद्ध वीस षटकांची मॅच. अडीचला नवी मुंबईत टॉस, महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा, आपल्या मुली विरुद्ध दक्षिण आफ्रिका. टीव्ही एक, रिमोट एक आणि रिमोट ज्यांच्या हातात त्यांचं मत असं, की "फायनल काय, रात्रीपर्यंत चालेल. ही आधी बघून घेऊ." एका बाजूला विश्वचषकाची फायनल, दुसऱ्या बाजूला पाच मॅचच्या मालिकेतली तिसरी! माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. ती काही बोलली नाही. सोफ्याच्या हातावर बसून नुसती बापाकडे बघत राहिली.

पण वरुणराजा आमच्या मुलीच्या बापाच्या बाजूने उभा राहिला. नोव्हेंबरात नव्या मुंबईत पाऊस! अडीचचा टॉस साडेचारला झाला आणि खेळ पाचला सुरू झाला. तोवर होबार्टची मॅच संपत आली होती. आपल्या संघाने १८७ धावांचं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं, हे आनंदाने नमूद करते. वॉशिंग्टन सुंदर छान खेळला. झालं. आता रिमोट इकडे.

पण तेवढ्यात तुळस नटायला हवी होती. रविवारपासून तुळशीच्या लग्नाचे दिवस सुरू झाले होते आणि आमच्या सोसायटीतलं सार्वजनिक लग्न सात वाजताचं. ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट, चुरमुरे, सगळी जमवाजमव माझ्याकडे. मी उसाला दोरा बांधतेय आणि बाजूला पाटावर मोबाइल उभा. स्मृती मानधना आणि शफाली वर्मा सलामीला. स्मृती सांगलीची, आणि आमच्या सासूबाईंचं माहेर सांगली. त्यामुळे ती मैदानात उतरली की यांच्या चेहऱ्यावर सोयरिकीचं तेज येतं. स्मृती ४५ धावांवर बाद झाली, तेव्हा म्हणाल्या, "असू दे. शंभरीची सलामी देऊन गेली पोर." खरंच १०४ धावांची भागीदारी होती.

इकडे लग्नघटिका भरत आली. गुरुजी मंगलाष्टकं म्हणताहेत, अर्ध्या वऱ्हाडाच्या हातात अक्षता आणि अर्ध्यांच्या हातात मोबाइल. "सावधान" म्हटल्यावर अक्षता पडायच्या त्याऐवजी एकदम "अरेरे!" उठलं. शफाली ८७ वर बाद! तुळशीच्या आईबापाचा मान दिलेलं ते म्हातारं जोडपं बिचारं घाबरून इकडेतिकडे बघायला लागलं. गुरुजी मात्र तयारीचे. त्यांनी विचारलं, "कितीवर?" आणि पुढचं मंगलाष्टक धरलं.

आता या शफालीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. एक तर ती मूळ संघात नव्हतीच! वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती. प्रतीका रावल नावाची मुलगी छान खेळत होती, न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलेलं. २६ ऑक्टोबरला याच मैदानावर तिचा पाय मुरगळला आणि शफालीला निरोप गेला, ये. म्हणजे आठवड्याभरापूर्वी संघात नसलेली मुलगी अंतिम सामन्यात ७८ चेंडूंत ८७ करते आणि वर गोलंदाजीत दोन बळीही घेते! मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका. बदलीवर जाणं म्हणजे काय, ते मला विचारा. आयत्या वेळी निरोप, दुसऱ्याचं वेळापत्रक, दुसऱ्याचा वर्ग, फळ्यावर आधीच्या बाईंचं अक्षर, आणि सगळे बघताहेत की ही काय करते. शफालीला त्या बदलीच्या तासाला सामनावीर ठरवलं गेलं. वय २१. मला फार बरं वाटलं.

तिची लहानपणची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. रोहतकची ही पोर. क्रिकेट शिकवणारे मुलींना घेईनात, तेव्हा वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले आणि मुलांत नेऊन सोडलं. एकदा भाऊ आजारी पडला, तर त्याच्या जागी ती स्पर्धेत खेळून आली. कुणाला पत्ता नाही! म्हणजे बदलीवर जायची सवय तिला जुनीच.

उपान्त्य सामना गुरुवारी झाला होता, तोही विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. एवढ्या धावांचा पाठलाग बायकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर कुणी केला नव्हता. आपल्या वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून तो सामना काढला. नंतर तिने सांगितलं, की आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे हे तिला जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. त्याआधी ती आंघोळीला गेली होती! मैत्रिणींनो, आपण आंघोळीला गेलो की दारावर थाप पडते, ती टॉवेल कुठे आहे हे विचारायला. हिला वर्ल्ड कपसाठी बोलावलं.

लग्न लागलं, पेढे वाटले, भांडी आवरली. आपला डाव संपला होता, ७ बाद २९८. दीप्ती शर्माच्या ५८ आणि शेवटी रिचा घोषची दणकेबाज ३४. नऊच्या सुमारास त्यांची बॅटिंग सुरू झाली आणि हे एक सांगते, आमच्या घरात त्या रात्री कुणीही मला "आत काय करतेस" म्हणालं नाही आणि मीही आत गेले नाही. ओटा तसाच पडला.

कॅमेरा अधूनमधून अमोल मुजुमदारांवर जायचा. हे आपल्या मुलींचे प्रशिक्षक. यांचं नाव ऐकलं की आमचे हे हळवे होतात. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या आणि भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. एकही नाही. हे मला एरवी सांगतात तेव्हा मी "हं" म्हणते, पण त्या रात्री त्या माणसाचा शांत चेहरा बघून माझ्याही घशात काहीतरी आलं. २००७ च्या "चक दे इंडिया"त मुलींच्या हॉकी संघाचा कोच झालेला शाहरुख आठवतो ना? लोक मुजुमदारांना त्याच सिनेमातल्या कबीर खानचं नाव देऊन मोकळे झाले. आणि नेमका वाढदिवस कुणाचा? समोरच्या वहिनींनी तेवढ्यासाठी बारा वाजेपर्यंत जागून मॅच पाहिली.

दक्षिण आफ्रिकेची कप्तान लॉरा वुल्वार्ट काही ऐकेना. उपान्त्य सामन्यात १६९ ठोकून आलेली, इथे १०१. सासूबाई म्हणाल्या, "किती नेटकं खेळते गं. हिला उद्या नाही का खेळता आलं?" मग दीप्तीच्या चेंडूवर तिने उंच फटका मारला आणि खाली अमनजोत कौर. चेंडू हातात आला, सुटला, पुन्हा आला, पुन्हा सुटला, आणि तिसऱ्यांदा तिने एका हाताने धरला. तापलेल्या कढईचा कान चिमट्यातून निसटावा आणि आमटी सांडू न देता आपण ती कशीबशी खाली ठेवावी, अगदी तसं. त्या क्षणी सबंध देशात जो श्वास रोखला गेला, त्याचा अनुभव आपल्याला रोजचा. या अमनजोतचे वडील सुतारकाम करणारे. तिची पहिली बॅट त्यांनीच घडवून दिली होती.

बाराच्या सुमारास हरमनप्रीतने मागे पळत जाऊन शेवटचा झेल घेतला. २४६ सर्व बाद, ५२ धावांनी विजय. दीप्तीचे पाच बळी. २००५ ची फायनल हरलो होतो, २०१७ ची लॉर्ड्सवरची अवघ्या नऊ धावांनी. मैदानात मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हातात मुलींनी चषक दिला, आणि प्रतीका रावल चाकांच्या खुर्चीतून त्यांच्यात आली. या वेळी आमच्याकडे सगळेच नाक ओढत होते. कारण म्हणून चिरंजीवांनी सर्दी सांगितली.

दुसऱ्या दिवशी बक्षिसाच्या बातम्या आल्या. क्रिकेट मंडळाने ५१ कोटी रुपये जाहीर केले. मी हा आकडा टीचर्स रूममध्ये वाचला, तेव्हा एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आणि २००५ ला काय मिळालं होतं माहीत आहे का?" मितालीनेच एकदा सांगितलं आहे, सामन्याला हजार रुपये. त्याही आधीच्या गोष्टी तर आणखी अजब. बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडात झाला, म्हणजे पुरुषांच्या दोन वर्षं आधी! त्याच साली पुण्यात आपल्या देशातली बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, त्यात संघ होते तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. शांता रंगास्वामी, डायना एडुलजी यांच्या पिढीने अनारक्षित डब्यातून प्रवास केला, शाळा-वसतिगृहांत जमिनीवर पथाऱ्या टाकल्या. हे सगळं तेव्हा पेपरात किती आलं असेल, कुणास ठाऊक. बहुधा शेवटच्या पानावर, हवामानाच्या वर.

पण त्या रात्री साडेबाराला आमच्या घरात वेगळाच सामना लागला होता. मुलगी दिवसभरात काही बोलली नव्हती. टीव्ही बंद झाल्यावर तिने बापाला विचारलं, "बाबा, दादू शनिवारपासून कॅम्पला जाणार आहे ना? माझंही नाव घालाल?"

दादू तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. जवळच्या मैदानावर भरणाऱ्या क्रिकेटच्या वर्गाला त्याचं नाव दिवाळीआधीच घातलेलं. महिना दोन हजार रुपये फी, शिवाय बॅट, पॅड, हेल्मेट वेगळं. खरं सांगायचं तर दादूला खेळापेक्षा हेल्मेट आवडतं. ही मात्र खालच्या मुलांत खेळायला जाते, आणि तिथे तिला काय मिळतं? लिंबूटिंबूचा मान, आणि गाड्यांखाली गेलेले चेंडू काढायचं काम. तरी जाते.

हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." तुम्हाला या वाक्याचा अर्थ माहीतच आहे. मोठं होईपर्यंत बघू, आणि मोठं झालं की, आता मोठी झालीस, पुरे, असं म्हणू. माझ्या वर्गातल्या मुलींचं हेच होताना मी बघते. पाचवीत ज्या मैदानभर धावतात, त्या आठवीत पीटीच्या तासाला भिंतीच्या सावलीत उभ्या राहून गप्पा मारतात. कुणी बंदी केलेली नसते. नुसतं "पुढच्या वर्षी बघू" म्हटलेलं असतं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सीझनचा बॉल असतो. दगडासारखा. दात पडला तर?" मला वाटलं, संपलं. पण त्यांचं बोलणं पुरं व्हायचं होतं. "म्हणून हेल्मेट हिला आधी आणा. दादू काय, आठवडाभर बसेल आणि सोडून देईल."

हे म्हणाले, "अगं आई, शनिवार पाच दिवसांवर आला. एवढ्या घाईत..."

"त्या शफालीला किती दिवस मिळाले होते रे?"

फी माझ्या पगारातून द्यायची ठरली. पडद्याचं कापड या वर्षी राहिलं, आणि जुने पडदे उलटे करून शिवले तर चांगले दिसतात, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते.

शनिवारी सकाळी सहाला मी दोघांना घेऊन गेले. मुलगे चाळीसेक, मुली ही धरून तीन. त्यातल्या दोघी म्हणे सोमवारीच चौकशी करून गेल्या होत्या. सर चांगले होते, त्यांनी काही वेगळं दाखवलं नाही. "हात कोणता? डावा? छान," म्हणून तिला नेटमध्ये पाठवलं. माझी नजर मात्र दुसरंच शोधत होती. मुलांचे कपडे बदलणं झाडाच्या आडोशाला उरकतं. मुलींनी कुठे जायचं? मैदानाच्या कडेला बाथरूम होतं, त्याला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन येतो आठ वाजता. म्हणजे दोन तास पाणी न पिता खेळायचं! आपण बायका हे न बोलता करतो. प्रवासात, लग्नात, शाळेत. पण धावून घाम गाळणाऱ्या मुलीने पाणी न पिणं म्हणजे उन्हात चक्कर ठरलेली.

मग आम्ही तिघी आया सरांना भेटलो. एक बँकेत, एक घरी डबे करणारी, आणि मी. सर म्हणाले, "अहो, आजवर कुणी विचारलंच नाही." विचारणार कोण? विचारायला मुलीच नव्हत्या. दुसऱ्या शनिवारी किल्ली आली, पण आत बादली नाही. तिसऱ्या शनिवारी बादली आली, पण कडी तुटलेली. कडी डबेवाल्या वहिनींच्या यजमानांनी रविवारी येऊन बसवली. दादूने भाकीत केल्याप्रमाणे तोवर कॅम्प सोडला होता. त्याला आता बुद्धिबळ शिकायचं आहे. हेल्मेट लागत नाही हे त्याला सांगितलेलं नाही.

मुलगी जाते. डाव्या हाताने चेंडू टाकते. परवा एका मोठ्या मुलाचा त्रिफळा उडवला, हे तिने नाही, बापाने मला सांगितलं, आणि तेही दोनदा. हल्ली तिला सोडायला तेच जातात. पहाटे साडेपाचला उठून. ज्या शरीराला सिलिंडर झेपत नाही, त्याला किटबॅग झेपते, एवढीच नोंद करून ठेवते.

आता माझी एक अडचण आहे, आणि त्यासाठी तुमची मदत हवी. सरावाची पँट पांढरी. तिच्या गुडघ्यांवर लाल माती आणि हिरवं गवत यांचे असे काही डाग पडतात, की विचारू नका. मातीचं जमलं आहे. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे ओली असताना चोळायची नाही, पूर्ण वाळू द्यायची, ब्रशने झटकायची आणि मग साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायची. पण गवताचा हिरवा डाग जात नाही. समोरच्या वहिनींनी लिंबू-मीठ लावून उन्हात टाकायला सांगितलं, त्याने नुसता फिकट झाला. तुमच्यापैकी कुणाला हमखास उपाय ठाऊक असेल तर अवश्य कळवा. पँट एकच आहे, आणि शनिवारी धुतलेली रविवारी पहाटे लागते.